मोरीत डोकावणारे व्याही

सांगलीला परतून पंधरा दिवस झाले. पिशव्या रिकाम्या झाल्या, कपडे धुऊन झाले, बाजारातून आणलेली सुकेळी शेजारीपाजारी वाटून झाली, तरी वसई काही डोक्यातून उतरत नाही. समोरच्या बाईंनी विचारलं, "एवढं काय आहे हो वसईत?" त्यांना किल्ला, चर्च, समुद्र आणि मासळी असं भरभर सांगून वाटेला लावलं. खरं काय ते सांगायला धीर झाला नाही, म्हणून आता लिहायला बसले आहे.

आधी सोबत्याची ओळख करून देते. माझी मुलगी सई कॅनडात नोकरीला गेली आणि तिथल्याच एका मुलाशी लग्न करून मोकळी झाली. त्याचे वडील ग्लेन, म्हणजे माझे व्याही. वय सत्तरीला टेकलेलं, उंची दाराच्या चौकटीला टेकलेली. कॅनडाच्या सैन्यात इंजिनिअरांचं जे दल असतं, त्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली आणि सार्जंट म्हणून ते निवृत्त झाले. बायको वारल्यावर माणूस घरात रमेना. सून जिथे लहानाची मोठी झाली ते गाव बघायचंय, असं त्यांनी मनावर घेतलं. सईला रजा नव्हती. फोन मला आला, "आई, बाबांना चार दिवस वसई दाखव ना."

व्याह्यांची सरबराई करायला मी कधीही तयार होते. पण वसई? बदली होऊन तिथून निघाले त्याला वीस वर्षं होऊन गेली, आणि एवढ्या काळात एकदाही मी तिकडे फिरकले नव्हते. लग्नाच्या पत्रिका आल्या तेव्हा गुडघा दुखतो म्हटलं, जत्रेची बोलावणी आली तेव्हा पाहुणे आलेत म्हटलं. गुडघ्याचं ऐंशी टक्के दुखणं खोटं होतं. खरं कारण एक मोरी होती.

मी सरकारी खात्यात ज्युनिअर इंजिनिअर होते. गावातले लोक ओवरसीअरबाई म्हणायचे. राजोडीच्या अलीकडे खाडीचा एक फाटा आत घुसतो, त्यावरून जाणाऱ्या रस्त्याखाली जुनी दगडी मोरी होती. तिच्या खाडीकडच्या तोंडाला वर बिजागरी लावलेली एक लाकडी झडप होती. तिला उघाडी म्हणायचे. भरती आली की पाण्याच्या दाबानं ती आपोआप मिटायची, ओहोटीला उघडून आतलं पावसाचं पाणी बाहेर सोडायची. मोरी खचली, म्हणून नवी करायचं काम माझ्याकडे आलं. मी सिमेंटचे तीन मोठे पाइप टाकले आणि नकाशातून उघाडी काढून टाकली. तिच्यात कचरा अडकतो, पाणी तुंबतं, असं माझं म्हणणं.

आतल्या बाजूला दामूभाऊंची वाडी होती. केळी, पानवेली आणि मधोमध विहीर. ते कचेरीत आले. "बाय, रस्ता कर, मोरी कर, पन उघाडी ठेव. भरतीचं पानी आत येल." मी त्यांना नकाशा उलगडून दाखवला, पावसाचं गणित समजावलं. वर चहा पाजला. त्यांनी सगळं निमूट ऐकून घेतलं आणि "बरं" म्हणून गेले. काम पुरं झाल्याच्या कागदावर मी टेबलावरच सही केली. मोरीपाशी गेले नाही, कारण त्या दिवशी आणखी दोन सह्या होत्या.

दामूभाऊ दर थंडीत माझ्याकडे सुकेळी धाडायचे. राजेळी केळी सोलून, उन्हात वाळवून, केळीच्या सुक्या पानात बांधलेली. मोरीनंतरच्या थंडीत आली. त्याच्या पुढच्या थंडीत आली नाहीत. विहीर खारट झाली, वेली जळाल्या, असं कुणीतरी जाता जाता सांगितलं. सायकलवर दहा मिनिटांचं अंतर होतं. मी गेले नाही. मग बदली झाली, आणि सुटल्यासारखं वाटलं हे आता कबूल करते.

नालासोपारा

पहिल्या दिवशी व्याहीबुवांना सोपाऱ्याचा स्तूप दाखवायला नेलं. स्टेशनाकडून जाताना इमारती एकमेकींना एवढ्या चिकटून उभ्या की एकीतल्या फोडणीनं दुसरीतल्या माणसाला शिंका याव्यात. व्याहीबुवा काठी टेकत मजेत चालले होते. वडापाव खाल्ला, डोळ्यांतून पाणी आलं, तरी दुसरा मागितला. सईनं त्यांना 'विहीणबाई' हा शब्द शिकवला होता. दर इंग्रजी वाक्याच्या आधी तो लावायचे, जणू मिठाशिवाय जेवण नाही.

पण एक गोष्ट लवकरच ध्यानात आली. रस्त्यात कुठे मोरी लागली की हा माणूस थांबायचा, कडेला जायचा, कमरेत वाकून आत डोकवायचा. दोन्ही बाजूंनी. मग पुढे. पहिल्यांदा वाटलं, काही पडलं असेल. तिसऱ्यांदा आमचा रिक्षावाला वैतागला. "आंटी, अंकलचा मोबाइल पडला का गटारात? तिकडे हात नका घालू म्हणा, लय गंदा आहे."

"मोबाइल खिशात आहे," मी म्हटलं. "ते नुसतं बघतायत."

"गटारात काय बघायचं असतं?" तो म्हणाला. प्रश्न रास्त होता.

स्तूपाच्या टेकाडाशी बसलो तेव्हा मीच विचारलं. व्याहीबुवा ओशाळून हसले. म्हणाले, "विहीणबाई, सवय आहे. अफगाणिस्तानात रस्त्याखालच्या मोऱ्यांत बाँब लपवलेले असायचे. आमच्या गाड्यांचा तांडा जायच्या आधी आम्ही इंजिनिअर पायी पुढे जायचो. प्रत्येक मोरीत वाकून बघायचं, मग हात वर करायचा. हात वर झाला की तांडा हलणार."

मी समजत होते, सैन्यातले इंजिनिअर म्हणजे पूल बांधणारे. ते म्हणाले, पूलही बांधायचे आणि उडवायचेही. आपल्या लोकांना वाट करून द्यायची, समोरच्याची वाट मोडायची. बोस्नियात तर महिनोन् महिने पोटावर झोपून, हातभर लांबीच्या सळईनं माती तिरकी टोचत सुरुंग शोधले. शेत मोकळं झालं की शेतकऱ्याच्या हवाली करायच्या आधी ज्यानं साफ केलं त्यानंच ते आडवं-उभं चालून दाखवायचं. तशी त्यांच्या तुकडीची रीतच होती.

"आणि सगळ्या मोऱ्या बघून झाल्या?" मी आपलं सहज विचारलं.

ते म्हणाले, "एक राहिली. उशीर झाला होता, ऊन होतं. ती लहान होती, तिच्यात काय मावणार, असं मला वाटलं. मी न वाकताच हात वर केला."

पुढे काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही. फक्त एक नाव घेतलं, त्यांच्या हाताखालच्या एका पोराचं. मला त्यांचा हात धरावासा वाटला, पण आपल्याकडे विहीण व्याह्यांचा हात धरत नाही. म्हणून पाण्याची बाटली पुढे केली.

सातिवली

दुसऱ्या दिवशी किल्ला ठरला होता. पण हॉटेलच्या पायरीवर व्याहीबुवांची घडीची काठी मधोमध निखळली. सांध्यातली पिन तुटली होती. कॅनडात म्हणे अशी काठी सरळ फेकून देतात आणि नवी घेतात. मी म्हटलं, इथे फेकायची भाषा करू नका, आणि त्यांना घेऊन पूर्वेला सातिवलीला गेले. तिथे एका गल्लीतल्या वर्कशॉपात लोखंड कातायचा लेथ घरघरत होता. मालक तेलकट हातांनी बाहेर आले, तुटका तुकडा चिमटीत धरून बघितला आणि म्हणाले, "अर्धा तास. बसा."

व्याहीबुवा बसतात कसले! लेथच्या अंगावर वाकून उभे राहिले. भाषा एक नाही, पण दोघांची हातवारे करून अशी काही जुंपली की मीच परकी झाले. पिन हा व्याहीबुवांच्या जिव्हाळ्याचा विषय निघाला. त्यांच्याकडे पुरात रस्त्यावरचा पूल वाहून गेला की सैन्यातले इंजिनिअर लोखंडी चौकटी आणून नवा जोडतात. सहा-सहा माणसांनी एकेक चौकट उचलायची, शेजारच्या चौकटीला भिडवायची आणि पिन ठोकायची. अख्खा पूल पिनांवर. त्यांनी ते आगपेटीच्या काड्यांनी लेथवाल्यांना मांडून दाखवलं. लेथवाले म्हणाले, "साहेबांना सांगा, काम भारी आहे. नोकरी पाहिजे तर उद्यापासून या."

पिन झाली. काठी पहिल्यापेक्षा ताठ उभी राहिली. मालकांनी पाणी दिलं, व्याहीबुवांनी विचारलं, कुठून येतं? टँकरनं. समुद्र एवढा जवळ, पाऊस एवढा, आणि पाणी टँकरचं, हे काही त्यांच्या पचनी पडेना. परतताना रिक्षात ते श्रीलंकेची गोष्ट सांगू लागले. त्सुनामीनंतर तिथल्या विहिरींत समुद्र शिरला होता. त्यांची तुकडी खारं पाणी गोडं करणारं यंत्र घेऊन गेली. पण पाणी निघालं तरी लोक भांडी घेऊन लांबच उभे. परदेशी यंत्राचं पाणी, कोण पिणार?

"मग?"

"मग ज्यानं यंत्र चालवलं त्यानं सगळ्यांसमोर पहिला पेला प्यायचा. मी प्यायलो. एक म्हातारी पुढे आली, माझ्या तोंडाकडे टक लावून बघत राहिली. मी मेलो नाही हे पटल्यावर तिनं हंडा पुढे केला." ते हसले. "तेव्हापासून नियमच झाला, पहिला पेला आपला."

मीही हसले. या माणसानं खारं पाणी गोडं करून स्वतः आधी पिऊन दाखवलं होतं. मी गोडं पाणी खारं केलं, आणि त्याची चव कशी लागते हेसुद्धा मला ठाऊक नव्हतं. त्या दिवशी माझं जेवणात लक्ष नव्हतं. सुरमई उत्तम होती असं व्याहीबुवा म्हणाले, त्यांचंच खरं मानायचं.

राजोडीच्या वाटेवर

तिसऱ्या दिवशी त्यांना समुद्र हवा होता. मी रिक्षावाल्याला आडून आडून दुसरा रस्ता सुचवला. तो म्हणाला, "आंटी, तिकडून फेरा पडतो. सुट्टीचा दिवस आहे, सगळी मुंबई इकडे लोटते. हा आतला रस्ता मस्त खाली आहे." आतला रस्ता म्हणजे माझाच.

सुरूची झाडं दिसायला लागली, वळण आलं, आणि मी डोळे मिटून घेतले. रिक्षा थांबली. व्याहीबुवा उतरले होते.

काठी कडेला ठेवून ते वाकले. एका बाजूनं बघितलं, रस्ता ओलांडून दुसऱ्या बाजूला गेले, तिथे त्यांना मोरीचं तोंडच सापडेना. खाडीचा फाटा होता तिथे राडारोडा टाकून सपाट मैदान केलं होतं आणि त्यावर समुद्रावर आलेल्या लोकांच्या गाड्या लागल्या होत्या. ते परत आले. म्हणाले, "विहीणबाई, या मोरीत पलीकडचा उजेड दिसत नाही. कुणी बांधली असेल?"

गप्प बसता आलं असतं. रस्त्यावर माझं नाव कोरलेलं नव्हतं.

"मी," मी म्हणाले. आणि मग उघाडी, नकाशा, सही, सुकेळी, सगळं तिथेच सांगून टाकलं. बोलता बोलता माझ्या डोळ्यांना पाणी आलं. इतक्या वर्षांत हे मी सईलासुद्धा सांगितलं नव्हतं.

त्यांनी धीर दिला नाही, झालं ते होऊन गेलं असंही म्हणाले नाहीत. फक्त विचारलं, "ते घर इथून किती लांब आहे?"

"हे काय, झाडांच्या मागे."

"माझी मोरी दुसऱ्या देशात आहे. तिथे मला आता कुणी जाऊ देणार नाही," ते म्हणाले. "तुमची चालत जाण्याइतकी जवळ आहे."

चालत गेलो. वाडीची वाट पायांना आठवत होती, डोळ्यांना नाही. पानवेलींच्या मांडवाच्या जागी रान माजलं होतं. केळीचं एक झाड नव्हतं. घर मात्र नीट होतं, अंगण सारवलेलं. पन्नाशीची एक बाई सूप घेऊन बाहेर आली. दामूभाऊंची सून, सुमन. मी पाहिली होती ती नवी नवरी असताना, त्यामुळे तिनं मला ओळखलं नाही यात नवल नव्हतं. ओट्यावरच्या भिंतीला दामूभाऊंचा हार घातलेला फोटो होता. मला तिथेच परत फिरावंसं वाटलं.

"बघायला आल्या काय समुद्र? बसा ना घटकाभर," ती म्हणाली. व्याहीबुवांना प्लास्टिकची खुर्ची दिली. मला चिकूच्या झाडाखाली दोन दगडांवर ठेवलेल्या गोल फळीवर बसवलं. आतून पाण्याची सीलबंद बाटली आणि दोन पेले आणले.

"विहिरीचं पाणी मिळेल का?" मी विचारलं.

"बावीचं?" ती हसली. "ते नको, बाय. खारं हाय. आमी भांडीपन घासत नाय त्यानं."

"तरी द्या. थोडंसं."

तिला वाटलं असेल, म्हातारीचं डोकं फिरलंय. पण पाहुणीचं मन मोडायचं नाही म्हणून तिनं घागर शेंदली आणि पेला भरून दिला. मी प्यायले. सगळा. रिकामा पेला खाली ठेवला. व्याहीबुवा खुर्चीतून उठून उभे राहिले होते.

मग मी सांगितलं, "ती मोरी मी केली. उघाडी मी काढली. दामूभाऊ नको म्हणाले होते, मी ऐकलं नाही. मला माफ कर असं म्हणायलाही मी फार उशिरा आले."

सुमननं हातातली घागर खाली ठेवली. "ओवरसीअरबाय? तुमीच काय त्या?" तिनं शिवी दिली असती तर सोपं गेलं असतं. ती म्हणाली, "दादा किती वाट बघायचे तुमची!" दादा म्हणजे तिचे सासरे, दामूभाऊ.

"माझी? रागानं?"

"राग कशाला? दादा म्हनायचे, बायचं गनित बरोबर हाय, नुस्ती भरती धरायची राहिली. ती बघाया येल तवा आपन तिला दाखवू."

"काय दाखवू?"

"नवी उघाडी. तुमचे पाइप गोल ना? जुनी चौकोनी बसनार नाय. मग दादा ओहोटीला पान्यात उतरले, सुतळीनं पाइपाचं माप घेतलं आनि फनसाची फळी जोडून गोल उघाडी केली. आधी एक केली, तुमी बघून हो म्हनल्यावर बाकीच्या दोन करनार व्हते."

"मग लावली का नाही त्यांनी?"

"सरकारी मोरी ना, बाय. बायला इचारल्याबिगर हात लावायचा नाय, असं म्हनायचे. कचेरीत गेले तर तुमची बदली जालेली. नवीन साहेब म्हनाले, बघू. दादा परत गेले, परत बघू. मग खाडीच भरून टाकली लोकांनी. तरी दादा म्हनायचे, राहू दे ती, बाय येल कदी तरी."

दहा मिनिटांची सायकल. एकदा गेले असते, एकदा वाकून बघितलं असतं, तर एका होकारावर ही वाडी वाचली असती.  "कुठे आहे ती आता?" मी विचारलं.

सुमननं माझ्या खाली बोट दाखवलं. "तुमी बसल्या ना तिच्यावर."

मी चटका बसल्यासारखी उठले. व्याहीबुवांना शब्द कळले नव्हते, पण बोट कळलं. ते गुडघ्यावर बसले, त्या फळीच्या काठावरून हात फिरवला, बिजागरीसाठी पाडलेली दोन भोकं चाचपली, वितीनं व्यास मोजला. "पाइपचं माप काय होतं?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं. ते अजूनही पाठ होतं.

त्यांनी पुन्हा एकदा वीत लावली आणि मान हलवली. "बरोबर आहे," ते म्हणाले. "केसाचाही फरक नाही."

आम्ही दोन इंजिनिअर त्या फळीभोवती उभे होतो. सुमननं पदरानं फळी पुसली.

"बसा, बाय," ती म्हणाली. "उभ्या का? आता तिचा तेवढाच उपेग हाय."

मी बसले. तिनं चहा आणला, बाटलीतल्या पाण्याचा.